चमचाभर हवा

मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कवठे महांकाळ लागतं. तिथल्या एका गॅरेजात, लिंबाच्या सावलीत, मामांची जुनी महिंद्रा जीप उभी होती. कधी काळी तिनं वडाप केलेलं, एका फेरीला किती माणसं बसायची ते मामा आता सांगत नाहीत. हल्ली ती द्राक्षाचे क्रेट आणि बेदाण्याचे बॉक्स वाहते. तक्रार एकच होती. ब्रेक लागतो, पण पाय तसाच ठेवला की पेडल खाली बसत जातं.

मिस्त्री सीटवर बसले, पेडल दाबलं आणि पाय न हलवता गप्प राहिले. पेडल आधी वर घट्ट लागलं. मग डोळ्यांना कळणार नाही इतक्या सावकाश खाली सरकू लागलं आणि अर्ध्या मिनिटात पत्र्याला टेकलं. ते उतरले, चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून आले, पाइपांच्या जोडांवर बोट घासलं, बोट कोरडंच.

"बाहेर थेंब न्हाई, मामा. म्हणजे आतल्या आत पळतंय. मास्टर सिलिंडर गेला."

या तीन वाक्यांनी मी थक्क झालो. न उघडता, नुसत्या पायाच्या आणि बोटाच्या जोरावर त्यांनी बंद लोखंडाच्या आतलं सांगितलं होतं. त्यांचा तर्क उलगडून पाहिला तर असा दिसतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेकच्या पाइपांतलं तेल पुढं रेटतो आणि द्रव दाबला म्हणून फारसा लहान होत नाही. तरीही पेडल खाली जात असेल, तर पिस्टनच्या पुढचं तेल कुठंतरी गेलंच पाहिजे. बाहेर आलेलं नाही. मग पिस्टनला बसवलेल्या रबराच्या कडेनं ते मागं सटकतंय, दुसरी वाटच नाही.

या तर्काचा पाया घालणारा माणूस फ्रान्समधला. ब्लेझ पास्कल, जन्म १६२३ चा, आयुष्य अवघं ३९ वर्षांचं. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ तो गेल्यावर, १६६३ मध्ये छापला गेला. त्यात त्यानं एक भांडं कल्पिलं आहे. पाण्यानं काठोकाठ भरलेलं, सगळीकडून बंद, फक्त दोन तोंडं असलेलं. एक तोंड लहान, दुसरं त्याच्या शंभरपट मोठं, दोन्हींत घट्ट बसणारे दट्ट्ये. लहान दट्ट्यावर एक माणूस रेटा देऊ लागला, तर मोठ्या दट्ट्यावर रेटणारी शंभर माणसं तो एकटा थोपवून धरील, असं पास्कलनं लिहिलं. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब जसाच्या तसा प्रत्येक कोपऱ्यात पोचतो, एवढंच त्यामागचं तत्त्व. पाइप वाकडा असो, वर जाणारा असो, गाडीखालून वळणं घेत मागच्या चाकापर्यंत गेलेला असो, वाटेत काही हरवत नाही.

मामांच्या जीपवर हा हिशेब मांडून बघू. पेडल ही तरफ आहे. ती पायाचा जोर साधारण सहापट करते असं धरलं, तर २५ किलोचा रेटा मास्टर सिलिंडरच्या दांड्यापाशी १५० किलोचा होतो. सिलिंडरचा व्यास एक इंच म्हणजे पिस्टनचं तोंड सुमारे ५ चौरस सेंटिमीटरचं. तेव्हा तेलातला दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ३० किलो.

हा आकडा कवठे महांकाळच्या माणसाला सांगायला सोपा आहे, कारण इथं लोक पाण्याच्या उंचीत विचार करतात. कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलून टप्प्याटप्प्यानं या तालुक्यात आणि पुढं जतपर्यंत चढवलं जातं. बोअर किती फूट, मोटार किती एच.पी., हेड किती, या गोष्टी इथं चहाच्या गाड्यावर बोलल्या जातात. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ आपल्या बुडाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब देतो. म्हणजे तीस किलोला तीनशे मीटर. जवळपास हजार फूट खोल बोअर जमिनीपर्यंत पाण्यानं गच्च भरली, तर तिच्या तळाशी जो दाब असेल, तो मामा रोज बाजारात वळण घेताना चप्पल घातलेल्या पायानं तयार करतात. करंगळीहून बारीक पाइपात.

हा दाब चार चाकांत पोचतो. प्रत्येक चाकात एक छोटा सिलिंडर, त्यात पाठीला पाठ लावलेले दोन पिस्टन, दोन बाजूंच्या ब्रेक शूंना बाहेर ढकलणारे. हेही एक इंची आहेत असं समजलं तर आठ पिस्टन, प्रत्येकी १५० किलो. एकूण बाराशे. पंचवीस किलोचे बाराशे झाले. फुकट मात्र काहीच मिळालेलं नाही. जोर मिळाला, अंतर द्यावं लागलं. पाय दोन-अडीच सेंटिमीटर खाली गेला तेव्हा शू फक्त अर्धा मिलिमीटर सरकला. पण शू आणि ड्रम यांच्यात अंतरच तेवढं असतं, म्हणून हा सौदा परवडतो.

आता या सगळ्या मांडणीत एक चमचा हवा शिरू द्या. चहाचा चमचा, पाच मिलिलिटर.

तीस किलोच्या दाबाखाली पाव लिटर तेल आक्रसतं ते सात-आठ थेंबांइतकं. पायाला त्याचा पत्ताही लागत नाही. हवेचं तसं नाही. तिच्यावर एरवीच वातावरणाचा एक किलो दाब असतो, त्यात हे तीस मिळवले की ती आपल्या एकतिसाव्या हिश्शात जाऊन बसते. पाच मिलिलिटरमधली जवळजवळ सगळीच जागा रिकामी होते. ती भरायला मास्टर सिलिंडरचा पिस्टन एक सेंटिमीटरभर जास्त पुढं जातो आणि पेडल सहापट, म्हणजे तीन बोटं जास्त खाली. पुरेसा दाब पेडल एवढं खाली गेल्यावरच मिळतो, तोवर पायाखाली स्पंज दाबल्यासारखं लागतं. मिस्त्री त्याला "हवा धरली" म्हणतात. विहिरीवरच्या पंपालाही लोक हेच शब्द वापरतात. तिथंही अपराधी हवाच, फक्त कारण वेगळं. पंपाच्या पोटात हवा असली की ती पाण्याहून फार हलकी असल्यानं पंखा नुसता गरगर फिरतो आणि पाणी उचललं जात नाही, म्हणून चालू करण्याआधी पंप पाण्यानं भरून घ्यावा लागतो. ब्रेकमध्ये तेल ढकललं की पुढं जातं. हवा ढकलली की आधी स्वतःच दबते.

हवेवर राग धरायचं मात्र कारण नाही. स्टँडवर एसटी थांबते तेव्हा जो फुस्स आवाज येतो, तो हवेच्याच ब्रेकचा. जड गाड्यांत आणि रेल्वेत हवा उत्तम काम करते, कारण तिथं कॉम्प्रेसर सतत टाकी भरत असतो. दबण्यात गेलेली हवा भरून काढायला मागं साठा आहे. जीपमध्ये मागं साठा नसतो. एका दाबात पिस्टन जेवढं तेल ढकलील, दहा-बारा मिलिलिटर, तेवढीच पुंजी. त्यातली पाच हवेनं खाल्ली तर उरलं काय?

मिस्त्रींनी जीपमधलं रबरी पायपुसणं बाजूला केलं. या जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसतो. तो चालकाच्या पायाखाली, तळाच्या पत्र्याच्याही खाली, चेसिसला बोल्टनं बसवलेला असतो आणि तेल ओतायला पत्र्यात एक झाकण ठेवलेलं असतं. ही मांडणी दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपपासून चालत आली. त्याच जीपचे सुटे भाग आणून जोडायचं काम १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत महिंद्रांनी सुरू केलं आणि पुढं अनेक दशकं तीच गाडी इथं बनत राहिली. जागा गैरसोयीची आहे. चिखल, पाणी, शेणकाला, सगळं त्या सिलिंडरवर उडतं. झाकण उघडण्याआधी मिस्त्रींनी भोवतालचा भाग ब्रशनं आणि फडक्यानं असा पुसला की मला वाटलं, आता इथं कुणाचं ऑपरेशन होणार. एक वाळूचा कणही आत गेला तर नवं रबर चिरतो, असं त्यांनी सांगितलं.

पाइपाचा नट सोडवायला फार वेळ गेला. तो पितळी-पोलादी जोड वर्षानुवर्षं तिथंच. साधा पाना घातला की नटाच्या कडा घासून गोल होतात आणि मग पाइपच कापावा लागतो. त्यांनी पाइपावरून सरकवून नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा पाना काढला, गंज सोडवणारं तेल मारलं, आणि चहा सांगितला. दिवा पेटवून तापवणं इथं चालत नाही, ब्रेक ऑइल पेट घेतं.

सिलिंडर बाहेर आल्यावर सर्क्लिप काढली, आणि आतून स्प्रिंगनं एकेक वस्तू पुढं ढकलली. पिस्टन, मग रबरी कप, मग स्प्रिंग, शेवटी तळाशी एक लहानसा व्हॉल्व्ह. मुठीत मावेल एवढा ऐवज. मिस्त्रींनी तो कप माझ्या तळहातावर ठेवला. वाटीसारखा, कडा बाहेर वळलेल्या. एका जागी कड झिजून चपटी झालेली.

या वाटीला सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं १७९५ मध्ये पास्कलच्या कल्पनेवरून पाण्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. अडचण एकच होती, पिस्टन आणि सिलिंडर यांच्या फटीतून पाणी निसटायचं. फट घट्ट करावी तर पिस्टन हलेना. उपाय सापडला तो चामड्याच्या वळलेल्या कडेचा, आणि त्याचं श्रेय ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्लेला दिलं जातं. चामड्याची कड द्रवाच्या बाजूला उघडी ठेवायची. द्रवाचा दाब वाढला की तोच कडेला भिंतीवर दाबतो. जितका दाब अधिक, तितकी मिठी घट्ट. दाब गेला की मिठी सैल आणि पिस्टन मोकळा. गळती करणाऱ्याच्या हातूनच गळती बंद करून घ्यायची, ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

आपल्या घरांत हीच वस्तू होती. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपातलं चामड्याचं वायसर आठवा. ते वाळलं की पंप मारून हवा भरत नसे, आणि आई ते काढून तेलाचं बोट लावून, कडा फुलवून परत बसवायची. दांडा आत ढकलला की कडा फुलून हवा पुढं रेटायची, बाहेर ओढला की कडा मिटून बाहेरची हवा आत घ्यायची. मास्टर सिलिंडरचा कप नेमकं हेच करतो. म्हणूनच हवा धरलेल्या गाडीत पेडल दोन-तीनदा झटपट मारलं की ब्रेक वर येतात. पिस्टन वेगानं मागं येताना कपाच्या कडेवरून सिलिंडरवरच्या तेलाच्या डबीतलं थोडं तेल पुढं उतरतं आणि पुंजी वाढते. वडापवाले ज्याला "पंपिंगवर ब्रेक हाय" म्हणतात, ते हे. आणि ते किती दिवस पुरेल हे कुणी सांगू शकत नाही.

चामडं मोटारीत टिकलं नाही. माल्कम लॉगहेड या अमेरिकन माणसानं १९१७ मध्ये चारही चाकांच्या द्रवचलित ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच्या भावानं काढलेली विमान कंपनी पुढं लॉकहीड नावानं जगभर ओळखली गेली. त्याचे ब्रेक १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीला लागले, पण चामड्याच्या कपांतून तेल पाझरायचं. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी रबराचे कप बसवून ते सुधारले आणि १९२४ मध्ये मध्यम किमतीच्या गाडीत दिले. तिथून हे ब्रेक जगभर पसरले. त्या काळात या पाइपांतून काय वाहायचं माहीत आहे? एरंडेल. अल्कोहोलमध्ये मिसळलेलं एरंडेल तेल. कारण खनिज तेलानं रबर फुगतं आणि एरंडेलानं नाही. बांधावरच्या एरंडाच्या बियांचं तेल कधी काळी गाड्या थांबवत होतं, हे कळल्यापासून मी त्या झाडाकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

रबराचं ते वैर आजही तसंच आहे. ब्रेकच्या डबीत चुकून इंजिन ऑइल पडलं, किंवा कप डिझेलनं धुतला, तर रबर फुगून काही दिवसांत निकामी होतं. मिस्त्रींनी सगळे भाग नव्या ब्रेक ऑइलनंच धुतले. मग बॅटरीच्या उजेडात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून नख फिरवलं आणि मान हलवली. "खड्डं पडल्यात." नुसता कप बदलायचा किट स्वस्तात येतो, पण खडबडीत भिंतीवर नवा कपही महिन्या-दोन महिन्यांत झिजतो. सिलिंडर अख्खा नवा घ्यायचं ठरलं.

ते खड्डे कुठून आले? पाण्यातून. आजचं ब्रेक ऑइल एरंडेलाचं नसतं. कारखान्यात केलेलं हे ग्लायकॉल इथरचं मिश्रण हवेतली ओल शोषतं, आणि मुद्दाम शोषणारंच वापरतात. ओल न मिसळता खाली साचली तर एका जागी लोखंड खाईल, थंडीत गोठेल. मिसळली तर निदान पसरते. पण किंमत मोजावी लागते. डॉट ३ दर्जाचं तेल कोरडं असताना २०५ अंशांवर उकळायला लागतं. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषल्यावर १४० अंश एवढीच हमी उरते. भरलेली गाडी कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय असेल तर ड्रमजवळचं तेल त्या अंशांना पोचू शकतं. तेल उकळलं की वाफ, आणि वाफ म्हणजे पुन्हा दबणारी हवाच. पेडल सरळ खाली जातं. खाली थांबून गाडी गार झाली की वाफेचं परत तेल होतं, ब्रेक पूर्ववत लागतात आणि गॅरेजात कुणाला काही सापडत नाही. त्यामुळं दोन वर्षांनी तेल बदला असं मिस्त्री सांगतात तेव्हा ते खपवण्यासाठी सांगत नसतात. आणखी एक, हे तेल रंग खातं. बॉनेटवर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवायचा.

नवा सिलिंडर आला. त्यांनी तो सरळ गाडीत बसवला नाही, आधी बाकावरच्या शिकंज्यात धरला. त्याच्या पोटात आत्ता नुसती हवा होती आणि ती पाइपांत जाऊ द्यायची नव्हती. डबीत तेल ओतलं, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पिस्टन सावकाश आत ढकलला, आणि तेल बाहेर पडतं त्या तोंडावर अंगठा ठेवला. आत ढकलताना अंगठा सैल, हवा बुडबुडत बाहेर. पिस्टन मागं येताना अंगठा गच्च, म्हणजे बाहेरची हवा आत ओढली जात नाही. माणसाचा अंगठा तेवढ्यापुरता व्हॉल्व्ह झाला होता. दहा-बारा वेळा असं केल्यावर तोंडातून निव्वळ तेल येऊ लागलं.

डबीच्या तळाशी दोन भोकं दिसत होती, एक चांगलं मोठं, दुसरं सुईच्या टोकाएवढं. मी विचारलं तेव्हा मिस्त्रींनी हातातलं काम थांबवून सांगितलं. पाय काढल्यावर कप या बारीक भोकाच्या मागं आला पाहिजे, म्हणजे पाइपातलं तेल आणि डबीतलं तेल एकमेकांना भेटतं. ब्रेक तापून तेल फुगलं तर जादा तेल या वाटेनं परत डबीत येतं. ते भोक बुजलं, किंवा पेडलला मोकळी चाल न ठेवल्यानं कप पुढंच अडकून राहिला, तर फुगलेल्या तेलाला जागा मिळत नाही. ते शूंना रेटत राहतं, शू घासून आणखी तापतात, तेल आणखी फुगतं. पाय काढलेला असताना गाडी आपोआप जाम होत जाते. म्हणून पेडलला सुरुवातीची अर्धा इंच चाल मोकळी हवीच. ती सैल वाटली म्हणून काढून टाकू नये.

आणि तळाशी सापडलेला तो लहान व्हॉल्व्ह? ड्रमचे ब्रेक असलेल्या गाडीत तो पाय काढल्यावरही पाइपात थोडासा दाब धरून ठेवतो, अर्ध्या ते एक किलोच्या आसपास. त्यामुळं चाकांतल्या सिलिंडरचे कप कायम फुललेले राहतात आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. मामा लगेच म्हणाले, "आमच्या विहिरीतला फूट व्हॉल्व्हच की हा!" खरोखरच. विहिरीत पाइपाच्या टोकाला बसून पंप बंद झाल्यावर पाणी खाली निसटू न देणारा, पाइप सदा भरलेला ठेवणारा. मिस्त्री हसून म्हणाले, "व्हय, तसंच समजा."

सिलिंडर पायाखाली बसला. आता गाडीभरच्या पाइपांतली हवा काढायची. पण त्याआधी त्यांनी चारही चाकं जॅकवर उचलून शू ड्रमला हलके लागेपर्यंत जवळ घेतले. (तो बाटलीसारखा जॅकही पास्कलचाच.) शू ड्रमपासून फार लांब असतील तरी पेडल खाली जातं आणि पंपिंगनं वर येतं, हवा असल्यासारखंच. मग माणूस नसलेली हवा दिवसभर काढत बसतो. फरक पायाला कळतो, असं त्यांचं म्हणणं. शू लांब असतील तर पेडल खाली जाऊन दगडासारखं थांबतं, हवा असेल तर उशीसारखं.

सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. उजव्या हाताला बसून चालवायची गाडी, सिलिंडर उजवीकडं, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी चालकाजवळचं. चाकाच्या आतल्या बाजूला वरच्या अंगाला एक लहान निपल असतं. वरच का, तर बुडबुडा वर चढतो. शिवारातल्या पाइपलाइनला चढाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह बसवतात तेच कारण. पाणी सोडलं की तिथून आधी सुस्कारा येतो, मग पाणी. निपलला पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. गॅरेजातला पोरगा सीटवर चढला.

"दाब... सोड. दाब... सोड. दमानं! दाब, धर!"

"धरलं!"

मिस्त्रींनी निपल अर्धा आटा सैल केलं. नळीतून दुधाळ तेल सरसरत आलं आणि बाटलीत बुडबुड्यांचा पुंजका उठला. वर पोराचा पाय पत्र्याला टेकला.

"सोडू?"

"थांब." निपल आवळलं. "आता सोड."

या "थांब"मध्ये सगळी विद्या आहे. निपल उघडं असताना पाय वर आला तर पिस्टन मागं येताना चाकाकडून ओढून घेतो आणि काढलेली हवा परत आत. "दमानं" यालाही अर्थ आहे. भराभर पंप मारला तर मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो, आणि फेस तेलात अडकून बसतो, निपलपर्यंत येतच नाही. जुनाच सिलिंडर ठेवून हवा काढायची असती तर त्यांनी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला असता, कारण एरवी जिथवर पिस्टन जात नाही त्या गंजलेल्या भागात नेला की कप फाटतो. नव्याला ती भीती नाही.

दर चार-पाच दाबांनंतर डबीत बघणं आलं. ती एकदा रिकामी झाली की वरून हवा ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. बाटलीत जमलेलं तेल परत डबीत ओतायचं नाही, त्यात फेस आहे, ओल आहे, जुन्या रबराची काळी पूड आहे. तिसऱ्या चाकाला नळीत बराच वेळ नितळ तेल आलं, मी म्हटलं झालं, आणि मिस्त्री म्हणाले, अजून दोन. दुसऱ्या दाबाला मोहरीएवढा एकच बुडबुडा नळीतून सावकाश चालत आला. तो बाटलीत फुटेपर्यंत कुणी बोललं नाही.

या जीपला एकच सर्किट आहे. एका चाकाचा पाइप फुटला तर चारही ब्रेक जातात. पुढच्या काळातल्या गाड्यांत एकाच सिलिंडरमध्ये मागंपुढं दोन पिस्टन असतात, एक गेला तरी दुसरा दोन चाकं धरतो. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी त्याची सक्ती झाली. मामांच्या गाडीला ती सोय नाही, म्हणून मिस्त्रींनी शेवटी हँडब्रेकची केबलही ताणून दिली, सांगितलं नव्हतं तरी.

चौथं चाक झालं. डबी काठापासून बोटभर खाली ठेवून झाकण लावलं, पत्र्याचं भोक बंद केलं. मिस्त्री सीटवर बसले, सकाळी बसले होते तसेच, आणि पेडलवर पाय ठेवून गप्प राहिले. मी घड्याळ बघत होतो. एक मिनिट, मग दीड. मामा खाली वाकून बघत होते. पेडल हललं नाही.

"या, तुम्हीबी बघा," मिस्त्री मला म्हणाले आणि बाजूला सरकले. मी पाय ठेवला. अर्धा इंच मोकळं, मग थोडं मऊ, मग एकदम पायाखाली जमीन लागावी तसं घट्ट. चाकांपाशी कुठंतरी हलकासा टक्क आवाज झाला.